बिनकागदाची डाय

आमच्या घरी कागदाशिवाय पोलादाला हात लावत नाहीत. चिंचणीतल्या बऱ्याच घरांत पडवीत एक शेगडा, म्हणजे लोखंडी पकड, असतो, त्यात मुठीएवढा पोलादाचा ठोकळा आवळलेला असतो, आणि कुणीतरी डोळ्याला भिंग लावून त्यात नक्षी कोरत बसलेलं असतं. ही डाय. तिच्यावर सोन्याचा पत्रा ठेवून दाबला की दागिना उठतो. डाय आम्ही करतो, दागिना मुंबईत होतो आणि नाव पेढीचं होतं. याचा मला लहानपणापासून राग आहे, पण तो वेगळा विषय. नियम असा की पेढीवरून चित्र येतं, ते कागदावर अचूक उतरवायचं, पेढीने होकार दिला की कागद ठोकळ्यावर चिकटवायचा आणि मगच पहिली छिन्नी मारायची. माझ्या वडिलांनी, म्हणजे विश्राम अप्पांनी, उभ्या आयुष्यात एकही डाय बिनकागदाची कोरलेली नाही.

गेल्या महिन्यात झवेरी बाजारातले निमेशभाई आले आणि त्यांनी या नियमाच्या मुळावरच घाव घातला.

"चित्र वगैरे काय नाय आणला, विश्रामभाई," ते म्हणाले. "कानातले पायजेत. मशीनवाल्याकडे भेटत नाय असे. तुमीच दाखवा कायतरी."

शुक्रवारी दुपारी येतो, असा दिवस नंतर फोनवर ठरला. निमेशभाई येऊन गेले त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याचं चित्र केसाचाही फरक न करता उतरवलं, त्याला कुणी 'तुझं दाखव' म्हटलं तर काय होतं, ते मी पाहिलं. सकाळी चहा पिताना त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं, "रूपा, तू कर. तुला ड्रॉइंग येतं."

मला ड्रॉइंग येतं ते बोईसरच्या कारखान्यातलं. व्हॉल्व्ह, फ्लँज, पाइपांचे जोड. कुणीतरी माप सांगतं, मी कॉम्प्युटरवर काढते, कुणीतरी सही करतं. मी महिनाभराची बिनपगारी रजा टाकली. माझे साहेब सुजितसर वाईट माणूस नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की सोमवारी मी खुर्चीत दिसले नाही तर खुर्ची दुसऱ्याला जाईल. म्हणजे मामला सरळ होता. शुक्रवारी निमेशभाईंनी माझी डाय उचलली तर मी शेगड्यापाशी बसणार. नाही उचलली तर सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये, आणि मग कायमचीच, कारण अशी रजा पुन्हा मिळत नाही आणि अशी हिंमत मला पुन्हा होत नाही. मी स्वतःला चांगली ओळखते.

मग मी काय केलं, तर कागद केले. वेली काढल्या, कुयऱ्या काढल्या, जाळीकाम काढलं. पडवीत दोरी बांधून कागद चिमट्यांनी टांगले. अप्पा एकेक कागद काढून दारात उन्हात न्यायचे आणि नाकाला टेकेल इतका जवळ धरायचे. "रेघ जाड काढ," म्हणायचे. मी जाड रेघेने पुन्हा काढायची. मग ते बराच वेळ बघून म्हणायचे, "बरा हाय. पन निमेशभाईला आवडंल का?"

या प्रश्नाला जगात उत्तर नाही. म्हणून मी नवा कागद घ्यायची. बुधवार उजाडला तेव्हा पडवीत वाळत घातलेल्या कपड्यांसारखे कागद लटकत होते, आणि पोलादाचा कीस म्हणाल तर चिमूटभरसुद्धा जमिनीवर पडलेला नव्हता. आईने केर काढताना नुसतं माझ्याकडे बघितलं. माझी आई, मंगला, फार बोलत नाही, पण तिचं बघणं टोचतं.

बुधवारी दुपारी वीज गेली. अप्पा आत आडवे झाले होते, पंखा बंद, घामाने कागदावर हात चिकटत होता. मी जी कुयरी काढत होते तिच्यासारखी कुयरी मी आधी कुठे पाहिली होती ते मला आठवलं: चिंचणीतल्या प्रत्येक घरात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कागद चुरगळला, कोरा ठोकळा शेगड्यात आवळला, सगळ्यात बारीक पंच उचलला आणि त्याच्या डोक्यावर हातोडी घातली. नक्षी करायची म्हणून नाही. कशावर तरी राग काढायचा होता म्हणून.

पंच घसरला. ठोकळ्याच्या मधोमध नव्हे, एका कडेला एक बारीक खळगा पडला. पोलाद कापलं की कापलं, ते पुन्हा भरता येत नाही. कागदावर खोडरबर असतं, कॉम्प्युटरवर मागे जायचं बटण असतं, इथे फक्त आत जाता येतं.

खळगा किती वाईट आहे ते बघावं म्हणून मी त्यावर मेण दाबलं. डायवर जे खोल ते दागिन्यावर उंच, म्हणून काम करताना आम्ही मधूनमधून मेण दाबून ठसा बघतो. मेण उचललं. त्यावर एक दाणा उठला होता, गोल, टपोरा, अगदी एकटा.

मला तो आवडला. कारण विचारू नका. मी त्याच्या शेजारी आणखी एक मारला, जरा हलका. मेण दाबलं. तिसरा त्याहून हलका. मेण दाबलं. पुढे काय येणार हे मला ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट लवकर कळली. उथळ मारलेलं नंतर खोल करता येतं, खोल मारलेलं उथळ करता येत नाही. म्हणून सगळीकडे आधी अगदी हलकं मारायचं, मेणाला विचारायचं, आणि मेण जिथे हो म्हणेल तिथेच खाली उतरायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कागद असता तर ते शिकायची वेळही आली नसती.

वीज कधी आली ते कळलं नाही. ऊन पडवीतून अंगणात गेलं तेव्हा मी मेणाचा ठसा उचलून तिरका धरला आणि ओळखला. ओहोटीच्या वेळी आमच्या किनाऱ्यावर बारीक खेकडे बिळातून वाळू काढतात आणि तिच्या गोळ्या करून बिळाभोवती मांडतात. ओळी फाकत जातात, एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला तोकड्या, मध्ये बीळ. शाळेत असताना आम्ही त्या पायाने मोडत जायचो. तेच माझ्या हातात होतं, नखाएवढं. मी ते काढायला बसले असते तर जन्मात सुचलं नसतं. मला इतका आनंद झाला की आईला हाक मारावीशी वाटली. पण दारात अप्पा उभे होते.

"ठोके आयकतोय मगासपासून," ते म्हणाले. "कागद कुटाय?"

"कागद नाही."

"कागद नाय म्हंजे?"

"म्हणजे नाही. सरळ पोलादावर केलं."

अप्पा आरडाओरडा करत नाहीत. त्यांचा आवाज खाली जातो आणि आपण बारीक होत जातो. त्यांनी विचारलं की निमेशभाईंना काय दाखवणार, कशावर होकार घेणार, आणि उद्या कुणी 'असा नव्हता सांगितला' म्हटलं तर काय पुढे करणार. मी म्हटलं, ठसा दाखवीन. त्यांनी मेण हातात घेतलं, अंगठा हलकेच फिरवला आणि थांबले.

"एका बाजूला लांब हाय."

"हो. ते तसंच आहे."

"मग ह्याची जोडी?"

मी ठोकळ्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातातल्या मेणाकडे.

"कानातले करतेस ना, बाय? दोन्ही बाजू सारक्या असत्या तर एकाच डायवर दोन्ही कान निघाले असते. हा वाकडा. ह्याला आरशातला दुसरा पायजे. कागद असता तर उलटा करून चिकटवला असता. आता कशावरून करशील?" मेण परत माझ्या हातात देत ते म्हणाले, "एका कानाची बाई बगितली हायस कदी?"

डायवाल्याच्या पोरीने कान दोन असतात हे विसरावं. चिंचणीत कुणाला सांगितलं असतं तर लोक हसून लोळले असते. मला रडू आलं आणि ते मी अप्पांसमोर येऊ दिलं नाही, एवढंच.

गुरुवारी सकाळी मी अक्कल वापरली. म्हणजे बोईसरची अक्कल. ठशाचा फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला, एकेक दाण्यावर गोल काढला, चित्र उलटं केलं, छापून आणलं, दुसऱ्या ठोकळ्यावर चिकटवलं आणि कोरायला बसले. आता तर कागद होता. अप्पा समोर बसून ठोके ऐकत होते आणि त्यांना बरं वाटतंय हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. दुपारपर्यंत सगळे दाणे जागच्या जागी बसले. मेण दाबलं, उचललं.

मेलेलं होतं. एकही चूक नव्हती आणि सगळं मेलेलं होतं. दाणे शाळेतल्या पोरांसारखे हजेरी देत उभे होते. पहिल्या ठशात बिळातून काहीतरी नुकतंच बाहेर येऊन गेलंय असं वाटायचं. इथे बीळ नव्हतं, भोक होतं. मी एक ओळ जिवंत करायला छिन्नी लावली, हात रागात होता, छिन्नी सटकली आणि ठोकळ्याच्या तोंडावरून आरपार एक ओरखडा गेला. संपलं.

"काय जालं?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि ठोकळा फळीवर टाकला. घरात आता एकच कोरा ठोकळा उरला होता. निमेशभाई दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते.

आई चहा घेऊन आली आणि कप ठेवायला वाकली. तिच्या डाव्या कानाचं भोक जुन्या जड झुमक्याने ओघळलेलं आहे, त्यामुळे तिची डावी कुडी नेहमी जरा खाली लोंबते. मी ते जन्मापासून बघत आले आहे आणि तरी त्या क्षणी पहिल्यांदा बघितलं. एक वर, एक खाली, एक जरा बाहेर वळलेली. तरी ती जोडी होती, कारण दोन्हींच्या मध्ये आई होती.

"काय बगतेस गो?" ती म्हणाली.

"कान."

"चा थंड व्हतोय," ती म्हणाली आणि गेली.

मी शेवटचा ठोकळा आवळला. या वेळी आरसा केला नाही, चित्र केलं नाही, पहिला ठसासुद्धा फडक्याखाली झाकून ठेवला. बीळ दुसऱ्या कडेला घेतलं आणि पहिला दाणा मारला. हा दुसरा खेकडा, त्याच वाळूतला, एवढंच मनाशी धरलं. भीती कालच्यापेक्षा जास्त होती. काल माझ्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं. आज एक चांगली डाय होती, आणि हिने दगा दिला तर ती चांगली डायही एका कानाची म्हणून फुकट जाणार होती. अंधार पडला तेव्हा थांबले. सकाळी उजाडताच पुन्हा बसले आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत ठसा उचलला. तो पहिल्यासारखा नव्हता. पण दोन्ही मेणं शेजारी ठेवल्यावर ती एकमेकींकडे बघत होती.

आता राहिलं होतं पाणी देणं. कोरून झालेली डाय मऊच असते. ती भट्टीत लाल करून तेलात बुडवली की कडक होते आणि मग हजारो वेळा दाबली तरी झिजत नाही. पण आच कमी पडली तर मऊच राहते, जास्त झाली तर तेलात शिरताच तडकते, आणि तडकलेली डाय म्हणजे भंगार. आमच्याकडे पाणी फक्त अप्पा देतात. मागल्या दारी गोणपाटं लावून अंधार केलेली खोपटी आहे, तिथे ते एकटे बसतात, आणि भट्टी पेटली असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही अशी रीत आहे. या वर्षी त्यांच्या काही डाय तेलात तडकल्या होत्या. पोलादातच खोट आहे, असं ते म्हणाले होते.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "अप्पा, पाणी द्यायचंय."

"कागद नाय तर पानी नाय."

"निमेशभाई वाणगावपर्यंत पोचले असतील."

"पोचू दे."

माझा तोल गेला. "तुम्ही एकदा नीट बघा तरी. परवा तुम्ही नुसता अंगठा फिरवलात. भिंग लावून बघा, मग शिव्या द्या. पण बघून द्या." मी फळीवरून घाईत ठोकळा उचलला, त्यांच्या हातात कोंबला आणि भिंगही दिलं.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. ठोकळा दोन्ही कडांनी धरून दाराकडे वळले आणि सावकाश फिरवत राहिले.

"बरा हाय," ते म्हणाले. "डावीकडचे दाने जरा दाटलेत. तेवडा सोडला तर काम साफ हाय."

मी ठोकळ्याकडे बघितलं. घाईत मी चुकीचा उचलला होता. तो काल बिघडलेला होता, तोंडावरून आरपार ओरखडा गेलेला. तो ओरखडा पडवीच्या पायरीवरूनसुद्धा दिसला असता.

आई माजघराच्या दारात उभी होती. तिला सगळं समजलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की तिला हे आजच समजलेलं नाही.

"सांग आता तिला," ती म्हणाली.

अप्पांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा पुसलं. "पालघरच्या डाक्टरनं सांगितलंय," ते म्हणाले. "साकरेनं आतला पडदा गेला. चष्म्यानं व्हनार नाय, आपरेशननं व्हनार नाय. कडेकडेनं दिसतं, मदे धूर." मग म्हणाले, "जुन्या डाय हातांना पाठ हायत, त्या करत व्हतो. नवं काय जमत नाय."

"मग मला इतके दिवस कागद कागद कशाला?"

"कागदावर जाड रेघ काढलीस की तुझं काम मला दिसायचं, रूपा. पोलादावरचं दिसत नाय."

महिनाभर मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते सगळं आठवलं. मला त्यांचा राग आला, सांगितलं नाही म्हणून, आणि त्याच वेळी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही, कारण तेवढ्यात निमेशभाईंचा फोन आला. ते चिंचणीच्या नाक्यावर आले होते.

"भट्टी पेटव," अप्पा उठत म्हणाले. "रंग तू बग. मी सांगतो."

खोपटीत गोणपाटं सोडली. कोळसा धरला, पंखा घरघरायला लागला. मी पक्कडीने पहिली डाय निखाऱ्यांत ठेवली. अप्पा माझ्या मागे उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा भट्टीपाशी बोलत होते.

"काय दिसतं?"

"काळंच आहे. कडा जांभळट."

"ऱ्हाऊ दे."

"लाल झाली. काळपट लाल."

"सुक्या मिरचीचा लाल?"

"हो."

"तो नको. वल्या मिरचीचा येऊ दे. पिकलेली, झाडावरची. त्याच्याम्होरं केशरी व्हाया लागली तर गेली."

ओल्या मिरचीचा लाल म्हणजे नेमका कोणता, हे मला कुणी आकड्यात सांगावं असं फार वाटलं. बोईसरला भट्टीवर आकडे दिसतात. इथे निखाऱ्यात एक रंग दुसऱ्यात सरकत होता आणि त्यांच्यामध्ये कुठे रेघ नव्हती. डोळे चुरचुरत होते.

"अप्पा, हाच का? मला कळत नाहीये."

"मला दिसत नाय. तूच ठरव."

मी उचलली. सरळ, कलती न करता, तेलात सोडली. धूर उठला, तेल खदखदलं. तडकली तर बारीक 'टक' असा आवाज येतो, तो ऐकायला आम्ही दोघंही वाकलो होतो. तेल हळूहळू गप्प झालं. आवाज आला नाही.

दुसरी मी जास्त भीतीने आणि जास्त खात्रीने उचलली. तीही गप्प राहिली. निवल्यावर अप्पांनी कानस घेऊन दोन्हींच्या कडेवर ओढून बघितली. कानस घसरली, पोलादाला लागली नाही. त्यांनी माझा घामाने भिजलेला हात चाचपून शोधला आणि नुसता धरला.

निमेशभाई पडवीत बसून सरबत पीत होते. मी दोन्ही डाय आणि दोन्ही ठसे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी एक ठसा उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला. धंद्यातला माणूस आवडलेलं लपवतो, पण त्यांना थोडा उशीर झाला. मग दुसरा उचलला, दोन्ही शेजारी धरले.

"जोडी नाय ही."

"जोडी आहे," मी म्हटलं. "एकसारखी नाही."

"काकी, जरा," ते आईला म्हणाले. आईने दोन्ही मेणं कानांपाशी धरली आणि ओशाळून भिंतीकडे बघत उभी राहिली. मला तर ती त्या मेणातसुद्धा सुंदर दिसली. निमेशभाई मागे झाले, पुढे आले, मान तिरकी केली.

"छान दिसतं, खोटं नाय बोलणार," ते शेवटी म्हणाले. "पण बाई आरशात बघणार आणि बोलणार, कारागिरानी चूक केली. मी कोणाकोणाला समजवत बसू?" त्यांनी पहिली डाय फडक्यात गुंडाळली. "ही एक नेतो. गळ्यातला पदक करून बघतो. चालला तर फोन करीन. दुसरी ठेव तुझ्याकडे."

पुढच्या कामाचं ते काहीच बोलले नाहीत. गाडी वळली आणि गेली. अर्धी डाय उचलली, असं म्हणायचं का? माझा मामला सरळ होता, त्यात हा अर्ध्याचा रकाना नव्हता. मी पडवीच्या पायरीवर बसले आणि नेमका तेव्हाच सुजितसरांचा फोन आला.

"रूपा, सोमवारचं नक्की ना? बसवाल्याला नाव द्यायचंय."

मी अप्पांकडे बघितलं. ते शेगड्यावर हात ठेवून बसले होते आणि मी काय म्हणते ते ऐकत होते. ये म्हणत नव्हते, जा म्हणत नव्हते.

"नाही येत, सर."

"दुसरीकडे लागलं का?"

"नाही."

"मग करणार काय?"

"ते ठरलेलं नाही."

सुजितसर काळजी घे म्हणाले आणि फोन ठेवला. मी फार मोठं शौर्य केलं असं मला अजिबात वाटलं नाही, उलट आपण वेड्यासारखं काहीतरी करून बसलो असंच वाटलं. आईने आतून विचारलं की भात टाकू का, आणि मी हो म्हटलं.

जेवण झाल्यावर मी फळीवरचा बिघडलेला ठोकळा काढला. त्याची मागची बाजू कोरी होती. ती वर करून शेगड्यात आवळली आणि पंच घेतला. अप्पा आपला पाट ओढत माझ्या इतके जवळ येऊन बसले की त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

"कोरताना बोलत जा," ते म्हणाले. "काय करतेस ते. मला आयकायचं हाय."

मी ठोका मारला.

"एक दाणा," मी म्हटलं. "डावीकडे, जरा वर. हलका."

"मग?"

"अजून ठाऊक नाही, अप्पा."

"बरं," ते म्हणाले आणि मान पुढे करून ऐकत राहिले.